पुढचा मॅनेजर कोण?

एप्रिल-मे महिन्यांत कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत डोकावावे. एका विषयावरची कुजबुज हमखास कानी पडते. बदल्यांची यादी निघाली का? आपल्या साहेबांची तीन वर्षे तर भरली. आता त्यांच्या जागी कोण येणार? कुणाला झोनल ऑफिसातून फोन आलेला असतो, कुणी अर्धवट टंकलेली यादी 'प्रत्यक्ष स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलेली असते. एक ज्येष्ठ सहकारी मागील दहा वर्षांचे दाखले देऊन तर्कशुद्ध नाव सुचवितात. शिपाईमामा तेवढे काही न बोलता पाण्याचा पेला ठेवता ठेवता भलतेच नाव सांगून जातात आणि बहुधा तेच खरे ठरते. तीन दशकांहून अधिक काळ मी या कुजबुजीत आनंदाने सहभागी झालो. २०१३ च्या मे महिन्यात निवृत्तीनंतर मुलाकडे नोएडाला राहावयास आलो तेव्हा वाटले होते, हा विषय आता आपल्यापुरता संपला.

नोएडातील पहिल्याच आठवड्यातील ही गोष्ट. सायंकाळी सोसायटीच्या आवारात फेरी मारीत असता बाकावर बसलेली चार-पाच तरुण मुले गंभीर चेहऱ्याने बोलताना दिसली. "सर गेले. आता कोण येणार?" सेक्टर ६२ मधील संगणक कंपन्यांत नोकरी करणारी ही मुले, त्यांचे कुणी वरिष्ठ निवर्तले असावेत, असे समजून मीही चेहरा गंभीर केला. चिरंजीवांनी हसून खुलासा केला. सर म्हणजे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ पासून मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबची धुरा वाहणारे मॅनेजर ८ मे २०१३ रोजी निवृत्ती जाहीर करून मोकळे झाले होते आणि सात हजार किलोमीटरांवरील नोएडाच्या एका बाकावर त्यांच्या उत्तराधिकाऱ्याची यादी तयार होत होती. चिरंजीवांचे मत जोसे मोरिन्यो यांच्या बाजूने होते. दुसऱ्याच दिवशी डेव्हिड मोयेस यांचे नाव जाहीर झाले, तेही सहा वर्षांच्या कराराने. सहा वर्षे! आमच्याकडे एखादा शाखाधिकारी एका शाखेत सहा वर्षे राहिला असता, तर दक्षता विभागानेच चौकशी केली असती. मोयेससाहेबांवर मात्र तशी वेळ आली नाही. २२ एप्रिल २०१४ रोजी त्यांना निरोप देण्यात आला आणि बाकावरची मंडळी पुन्हा कामाला लागली.

त्या बाकावर मीही नियमित बसू लागलो. माझा जन्म कोल्हापूरचा. चेंडू मला नवा नव्हता. तेथे आम्हा दोन ज्येष्ठांची भर पडली होती. एक बंगाली दादा, महाविद्यालयातून निवृत्त झालेले आणि मोहन बागानचे निष्ठावंत. दुसरे केरळचे एक रेल्वे अभियंता. त्यांचे मत सहसा एका वाक्यापुरते असे, पण ते खोडून काढणे कठीण जाई. नोएडा हे शहर असेच घडलेले आहे. येथे प्रत्येक जण कुठून तरी आलेला, प्रत्येकाचे गाव दुसरीकडे, आणि चर्चेला समान विषय मिळणे दुर्मीळ. हवामान आणि मेट्रो यांच्यानंतर आम्हाला सापडलेला तिसरा विषय म्हणजे हा.

त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१४ च्या, ऑक्टोबरात या चर्चेला घरचे अधिष्ठान लाभले. इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि राजधानीच्या वाट्याला 'दिल्ली डायनामोज' हा क्लब आला. १४ ऑक्टोबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर त्यांचा पहिला सामना होता आणि प्रतिस्पर्धी होता 'एफसी पुणे सिटी'. नोएडाहून निळ्या मार्गाची मेट्रो, मंडी हाउसला गाडी बदलून जांभळ्या मार्गाने थेट स्टेडियम. वाटेत चिरंजीवांनी विचारले, "बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने?" प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. आयुष्य महाराष्ट्रात गेले, निवृत्तिवेतन जमा होते नोएडाच्या शाखेत. दिल्लीच्या संघात अलेस्सांद्रो देल पिएरो आणि पुण्याच्या संघात डेव्हिड त्रेझेगे, म्हणजे एकेकाळी इटलीतील युव्हेंटसकडून खांद्याला खांदा लावून खेळलेले दोघे. सामना ०-० असा सुटला. मला हायसे वाटले.

पुढची पाच वर्षे हा क्लब आमचा होता आणि दर वर्षी हंगाम संपला की 'पुढचा मॅनेजर कोण' हा प्रश्नही आमचाच. पहिल्या वर्षी हार्म व्हान वेल्डहोव्हन होते. २०१५ साठी बाकावर डझनभर नावे निघाली, आणि आले कोण, तर ब्राझीलचे विश्वविजेते रॉबर्टो कार्लोस! तेही मॅनेजर आणि खेळाडू अशा दुहेरी भूमिकेत. आमच्या यादीत हे नाव कुठेही नव्हते. २०१६ मध्ये इटलीचे जानलुका झाम्ब्रोटा आले. तेही कुणी सांगितले नव्हते. या दोघांनीही संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. १४ डिसेंबर २०१६ ची ती कडाक्याच्या थंडीची रात्र, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध सामना जिंकूनही दोन सामन्यांची गोळाबेरीज बरोबरीत सुटली आणि पेनल्टींवर आम्ही हरलो. परतीच्या मेट्रोत केरळचे अभियंता आमच्या शेजारीच बसले होते. त्यांनी आनंद व्यक्त केला नाही; फक्त बोटॅनिकल गार्डन येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत हसत राहिले.

अंदाज बांधण्याचे प्रत्येकाचे शास्त्र वेगळे होते. मुलांचा भर नावलौकिकावर. जो युरोपात नुकताच बेकार झाला, तो येथे येणारच. दादांचा भर अनुभवावर: ज्याने कोलकात्याचा उन्हाळा पाहिला आहे, तोच टिकेल. अभियंतासाहेब विचारत, "पगार कोण देणार?" मी बँकेतला असल्याने माझी पद्धत अशी, की मागच्या साहेबांच्या नेमका उलट स्वभावाचा माणूस शोधावा. कडक साहेबांनंतर मवाळ, मवाळानंतर कडक, हे मी आयुष्यभर पाहिलेले. ही पद्धत फुटबॉललाही बऱ्यापैकी लागू पडते, असे माझे नम्र मत आहे. पैज मात्र चहाची, फार तर सोबत समोशाची. त्यापलीकडे कुणी जायचे नाही, हा नियम निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या नात्याने मीच घालून दिला होता.

आमचे अंदाज चुकत, याचे फार वाईट वाटून घ्यावे असे नाही. मोठमोठ्या ठिकाणीही तेच घडते. १९९६ मध्ये आर्सेनल क्लबने जपानमधील नागोया ग्रँपस एट संघाकडून आर्सेन वेंगर यांना आणले, तेव्हा हे गृहस्थ कोण, असा प्रश्न लंडनच्या वृत्तपत्रांनाच पडला होता. पुढे बावीस वर्षे ते तेथे राहिले. २०१५ मध्ये लेस्टर सिटीने क्लॉडिओ रानिएरी यांना नेमले, तेव्हा त्या क्लबच्या जुन्या चाहत्यांनीही नाके मुरडली; त्याच हंगामात लेस्टर विजेते झाले आणि पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, रानिएरींना घरी पाठविण्यात आले. २०२४ च्या जानेवारीत युर्गन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या बाकावर झाबी अलोन्सो यांच्या नावावर एकमत झाले होते. एकमत! बाकाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. मार्च संपण्यापूर्वी अलोन्सोंनी आपण लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे सांगितले. आले आर्ने स्लॉट, आणि पहिल्याच हंगामात त्यांनी लीग जिंकून दिली. त्या वेळी चहाचे पैसे कोणी द्यायचे, यावर बराच वाद झाला. अखेर सर्वांनी आपापले दिले.

चर्चेतील एक मौज अशी, की ज्याला आपण 'आमचा क्लब' म्हणतो त्यात आपला एकही शेअर नसतो. बैठकीस बोलावणे येत नाही, ताळेबंद पाहावयास मिळत नाही, मत विचारले जात नाही. तरीही मनुष्य रात्री अकरा वाजता जेवण थंड होऊ देऊन डाव्या बगलेवर कोणास खेळवावे हे सांगत असतो. घरातील मंडळींना हे हास्यास्पद वाटते. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले होते, "तुमचे ऐकून कोणी कोणाला कधी नेमले आहे का?" मी उत्तर दिले नाही. बदल्यांच्या यादीबाबतही मला त्या हेच विचारीत असत.

आता २०१९ च्या ऑगस्टकडे वळणे भाग आहे. त्या उन्हाळ्यात एक विचित्र योग जुळून आला होता. दिल्लीचे मॅनेजर होते स्पेनचे जोसेप गोम्बाऊ, पुण्याचे होते इंग्लंडचे फिल ब्राउन. मधल्या काळात पुण्याने दिल्लीचे आधीचे मॅनेजर मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना नेले होते आणि अवघ्या तीन सामन्यांनंतर निरोप दिला होता. त्यावरून दादांनी मला बरेच दिवस चिडविले. तर गोम्बाऊ राहतील की जातील, ब्राउन राहतील की जातील, हा आमचा विषय. यादी तयार होती. आणि त्या महिन्याच्या अखेरीस कळले, की गोम्बाऊ राहणार आहेत, ब्राउनही राहणार आहेत. पण दिल्लीचा क्लब भुवनेश्वरला जात असून त्याचे नाव 'ओडिशा एफसी' होणार आहे. आर्थिक अडचणीत सापडलेला पुण्याचा क्लब तर बंदच होत असून त्याची लीगमधील जागा 'हैदराबाद एफसी' या नव्या क्लबला मिळणार आहे. मॅनेजर तेच राहिले, गाव बदलले. ही शक्यता आमच्यापैकी एकाच्याही यादीत नव्हती.

वाचकांतील बँक कर्मचाऱ्यांना तो आठवडा वेगळ्या कारणाने स्मरत असेल. ३० ऑगस्ट २०१९ रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांचे चार बँकांत विलीनीकरण करण्याची घोषणा झाली. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन दिवसभर चालू होते. परंतु त्या विलीनीकरणात खातेदारांना खात्याचे काय होणार, धनादेश पुस्तिका चालेल का, शाखेचा संकेतांक कधी बदलेल, हे कळविण्याची रीत होती, पत्रे होती, मुदत होती. शाखा उठून दुसरीकडे गेली तरी खातेदाराचे नाव नव्या खातेवहीत चढते. क्लब उठून गेला तेव्हा नोएडाच्या बाकावरच्या आम्हा आठ-दहा जणांना पत्र लिहिण्याचे कारण कोणालाच नव्हते. आमची नावे कोणत्याच वहीत नव्हती. माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने विचारले, "आजोबा, क्लब परत कधी येणार?" त्याला वाटले, संघ दौऱ्यावर गेला आहे.

त्या रात्री मला कोल्हापूर आठवले. शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ, मंगळवार पेठेचे पाटाकडील तालीम मंडळ, तशीच खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस. हे संघ तालमीतून आणि पेठेतून वर आलेले. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून हलगी वाजू लागते आणि गल्ल्या ओस पडतात. तेथे 'पुढचा मॅनेजर कोण' हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण पेठेतील प्रत्येक जण स्वतःस मॅनेजरच समजतो. पानपट्टीवाल्यापासून गल्लीतल्या आजीपर्यंत. बहुधा पेठेतलाच एखादा जुना खेळाडू मुलांना शिकवितो आणि हरल्यावर त्याला बोलणी खायला त्याच गल्लीतून घरी जावे लागते. या प्रेमाला वाईट बाजूही आहे. ईर्ष्येपोटी हाणामाऱ्या होतात, दगड पडतात, स्पर्धा थांबवाव्या लागतात. त्याचे समर्थन करता येणार नाही. मात्र पाटाकडील तालीम उचलून कोणी भुवनेश्वरला नेली, असे होणे शक्य नाही. पेठच न्यावी लागेल. महाराष्ट्रातील मोठ्या क्लबांचे भाग्य तेवढे बळकट नव्हते. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, आणि पुण्याचे तर वर आलेच.

क्लब गेल्यानंतर दोन वर्षे बाकावर इंग्लंडचेच बोलणे होत राहिले. त्यातही मधला बराच काळ महामारीने बाकच रिकामा ठेवला. २० मार्च २०२२ रोजी मात्र मी दूरचित्रवाणीसमोर बसलो. गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता: हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टी. हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन अडविल्या आणि पुण्याच्या जागेवर उभा राहिलेला क्लब विजेता झाला. त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून दिल्लीच्या त्याच नेहरू स्टेडियमवर खेळला, तेव्हा मी नातवाला खांद्यावर घेऊन उभा होतो. आनंद झाला हे खरे. पण तो कोणत्या नात्याने, हे मला ठरविता आले नाही. हैदराबादला मी आयुष्यात दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा बँकेच्या प्रशिक्षणासाठी.

त्या विजयाचे शिल्पकार होते मानोलो मार्केझ. त्यांची नेमणूकही कुणाच्या अंदाजात बसणारी नव्हती. २०२० मध्ये हैदराबादने अल्बर्ट रोका यांना नेमले होते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांना बार्सिलोनाहून बोलावणे आले आणि त्यांची जागा मार्केझ यांना मिळाली. पुढे हेच मार्केझ एफसी गोवाकडे गेले, जुलै २०२४ मध्ये भारतीय संघाचेही प्रशिक्षक झाले आणि वर्षभरात, आठ सामन्यांत एका विजयानंतर, परस्पर संमतीने पायउतार झाले.

त्यानंतर जे घडले ते ऐकून आमच्या बाकाची मान ताठ झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे मुख्यालय दिल्लीत द्वारका येथे आहे, म्हणजे आमच्याच निळ्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे. रिकाम्या जागेसाठी तेथे १७० अर्ज आले. जुलै २०२५ मध्ये बातमी फुटली, की अर्जदारांत बार्सिलोनाचे झावी हर्नांडेझ आहेत. मागोमाग पेप ग्वार्दिओला यांचाही अर्ज आल्याचे कळले! मुलांनी दोन दिवस संघरचना आखण्यात घालविले. अभियंतासाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पगार कोण देणार?" अखेर महासंघाने स्पष्ट केले, की ते दोन्ही ई-मेल खरे नव्हते. बँकेत आम्ही सही पडताळल्याखेरीज पाचशे रुपयेही देत नसू, हे मी बोलून दाखविले. पण मनात वाटले, बाकावरचा कोणी तरी एकदा आमच्या यादीसह थेट कार्यालयात शिरला म्हणायचा.

ऑगस्टमध्ये निवड झाली ती खालिद जमील यांची. अंतिम यादीतील तिघांपैकी ते एकटे भारतीय. गोव्याचे साव्हिओ मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यापासून या पदावर भारतीय माणूस बसला नव्हता. जमील यांनी मुंबई एफसी या क्लबची धुरा २००९ पासून सात वर्षे वाहिली. तेथून बाहेर पडल्यावर मिझोरमच्या ऐझॉल एफसीला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली, तेव्हा कुठे देशाला त्यांचे नाव ऐकू आले. त्यांच्या पहिल्याच सामन्यात भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरविले. ऑक्टोबरात मात्र मडगावला सिंगापूरकडून पराभव झाला आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. दादांनी दुसऱ्याच सायंकाळी पुढच्या नावांची यादी काढली. मी त्यांना म्हटले, "दादा, चार्ज घेऊन तीन महिनेही झाले नाहीत. आमच्याकडे एवढ्यात किल्ल्यासुद्धा नीट कळत नाहीत."

त्याच वर्षी जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगामच स्थगित झाल्याची घोषणा झाली होती. व्यापारी हक्कांचा करार संपत आला होता आणि पुढचा ठरत नव्हता. काही क्लबांनी कामकाज थांबविले. मॅनेजरच्या नावावरून भांडणारी मंडळी बाकावर गप्प बसलेली मी प्रथमच पाहिली. चर्चा करायची तर कशाची? आणि अशा वेळी, २०२५ च्या उत्तरार्धात, बातमी आली की हैदराबादचा क्लब दिल्लीत येत आहे. नाव 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली'. म्हणजे जी जागा पुण्याहून हैदराबादला गेली होती, ती सहा वर्षांनी आमच्या दाराशी आली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता दिल्ली आणि पुणे एकच झाले. कोणाच्या बाजूने, हा प्रश्न सुटला."

मला हैदराबादच्या एखाद्या बाकाची आठवण झाली, जो मी कधी पाहिलेला नाही. तेथेही कोणी नातू विचारीत असेल.

माझा नातू आता पंधरा वर्षांचा आहे. बातमी आली त्या सायंकाळी तो माझ्याबरोबर खाली आला. दादा, अभियंतासाहेब, मुले, सारे जमले होते. थंडी पडू लागल्याने दादांनी माकडटोपी चढविली होती. बराच वेळ कोणी काही बोलेना. क्लब किती दिवस राहील, हे कोणी विचारले नाही. मग नातवानेच विषय काढला.

"पण मॅनेजर कोण येणार?"

दादांनी टोपी कानांवरून वर सरकविली आणि एक नाव घेतले. मुलांनी ते तत्काळ खोडून दुसरे सांगितले. अभियंतासाहेबांनी पगाराचा प्रश्न काढला. मी माझ्या जुन्या पद्धतीने मवाळ स्वभावाचे एक नाव सुचविले आणि त्यावर एक चहा, दोन समोसे लावले.